हेळव्याचा खोकला

सुगी उलगली की यमकनमर्डीत
बैलावर बसून यायचा ईराप्पा हेळवी.
पाय घोंगडीत गुंडाळलेले,
आणि घंटेच्याही आधी त्याची हाक :
नाडगौडांची पिढी ऐकून घ्या हो.

सोप्यात जेन अंथरलं जायचं.
बाबा फेटा बांधून बसायचे,
स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखे.
तांब्याचा पत्रा, तेलकट वही. वहीकडं न बघता तो सुरू करायचा :
रायगौडन मग सिदगौडा,
सिदगौडन मग…

आईचं माहेर गडहिंग्लज. घरात मराठी.
मला ते 'मग' आपलंच मग वाटायचं.
रायगौडा झाला, मग सिदगौडा,
मग कोण, मग काय?
गोष्टीत कुणीच काही करत कसं नाही
याचा राग यायचा.
नुसते येतात आणि मग होतात.

तिसरीत गेल्यावर कळलं,
कानडीत मग म्हणजे मुलगा.
गोष्ट तिथंच संपली.

पण सिदगौडाशी ईराप्पा खोकायचा.
दरवर्षी तिथंच.
खोल, छातीच्या तळातून, शेवटी चिरकणारा.
खोकला सरला की थेट भैरगौडा.
बाबा तेवढा वेळ आढ्याकडं बघत.
आईनं एकदा पाण्याचा तांब्या पुढं केला,
बाबांनी हातानंच थांबवलं.

मग जोंधळे मोजायचे.
पाच पायल्या पिढीच्या,
वर दोन पायल्या.
त्या दोन कसल्या, कुणी विचारलं नाही.
मीही नाही.

ईराप्पा गेला. त्याचा लगमण्णा मोटरसायकलवर येतो,
वही प्लास्टिकच्या पिशवीत,
बैलाची घंटा किल्लीला अडकवलेली.
यंदा बसगौडाला वाटणीच्या दाव्यात वंशावळ हवी होती,
हुक्केरीच्या कचेरीत लावायला.
म्हणून खुर्ची, चहा, वर भडंग.

सिदगौडन मग…
सव्वीस वर्षांचं पोर, सुपारीसुद्धा खात नाही,
आणि खोकलं.
तोच खोकला. ईराप्पाचा.
शेवटी चिरकला तोसुद्धा तसाच.

भाऊ झेरॉक्सला गेला तशी मी त्याच्या पुढ्यात बसले.
काय रे हे?

तो हसला. म्हणाला,
अक्का, आम्ही हे खोकल्यासकट पाठ केलंय.
एकदा खोकायचं विसरलो,
अप्पांनी चाबकाच्या दांड्यानं मारलं.

मग वही उघडली.
कानडी अक्षरं, वाळक्या शेंगांसारखी.
सिदगौडन मगळु होन्नव्वा.

मगळु.
म्हणजे 'मग' पुरा होता होता
'ळु'वर खोकला यायचा,
आणि त्यातच होन्नव्वा जायची.
लांबीला बरोबर तेवढाच होता तो, एका अक्षराचा आणि एका नावाचा.

नवरा? घाटाखालून मिठाचे बैल घेऊन आलेला कुणी.
आडनावाची जागा कोरी.
त्याचा पोरगा भैरगौडा, आजोबाच्या नावावर चढवलेला,
आणि भैरगौडाच्या खाली आम्ही सगळे :
बाबांचा फेटा, नाडगौडकीचा शिक्का,
भावाचा दावा,
घाटावरून खाली बघून नाक मुरडणारी आमची आत्या.

मी बोट खाली सरकवत नेलं.
निंगौडन मग बसगौडा.
पान संपलं.
मी कुठाय, म्हणून विचारलं नाही.
तोच म्हणाला, लिहू?

आणि भाऊ घेतील ना खोकून, मी म्हटलं.

घेतील की. दोन पायल्या पडतील.

आणि लिहायचे?

दोनच, अक्का. दर एकच आहे.

पोत्याशी जाऊन मी दोन पायल्या मोजल्या,
शीग लावून.
त्यानं पेनाचं टोपण दातात धरलं,
माझं नाव विचारलं. शेवंता, म्हटलं.
शेवंतातला 'व' त्याला नीट जमेना.

तेवढ्यात फाटकातून भावाचा आवाज आला :
झालं का वाचून? मग?

लगमण्णानं मान वर केली.
पेन 'मग'पाशीच होतं.